लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डावरील हिरवे ठिपके : निदानापासून मेमरी चिप बदलेपर्यंतची नोंद

पहिला दिवस

या लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड मुख्य बोर्डावर कायमचे बसवलेले नसून, दोन स्क्रू काढताच तिरके होऊन बाहेर येणारे एमएक्सएम ३.० (लॅपटॉपच्या सुट्या ग्राफिक्स कार्डांचे एक प्रमाण) जातीचे ८२ बाय ७० मिलिमीटरचे वेगळे कार्ड आहे, आणि म्हणूनच हे काम स्वतः हाती घ्यायचे ठरवले. तक्रार अशी की यंत्र थंड असताना चित्र अगदी स्वच्छ दिसते, पण पंधरा-वीस मिनिटे गेली की हिरव्या ठिपक्यांच्या उभ्या ओळी उमटू लागतात, काही वेळाने चित्र गोठते, आणि पुन्हा चालू केल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’, म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे ते थांबवल्याची खूण, दिसतो.

स्क्रू खोलण्याआधी तीन साध्या चाचण्या केल्या. बाहेरचा मॉनिटर जोडला, तेव्हा त्यावरही तेच ठिपके आले. म्हणजे लॅपटॉपचा पडदा आणि त्याची केबल या दोन्ही गोष्टी संशयातून सुटल्या. मग ठिपके दिसत असतानाच स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडला. तिथेही ठिपके जसेच्या तसे होते, याचा अर्थ चूक चित्र पडद्याकडे पाठवताना होत नसून कार्डाच्या मेमरीत साठलेली माहितीच बिघडलेली होती. स्क्रीनशॉट स्वच्छ आला असता तर मात्र त्यावरून कार्ड निर्दोष ठरले नसते, कारण मेमरीतून बाहेर पडल्यानंतरही चित्र बिघडू शकते. शेवटी यंत्र गरम असतानाच पुन्हा सुरू केले. सुरुवातीच्या बोधचिन्हावरच ठिपके दिसले, आणि त्या क्षणी ड्रायव्हर चालूच झालेला नसतो, म्हणून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवण्यात वेळ घालवला नाही.

तिसरा दिवस

कार्डावर जीडीडीआर५ मेमरीच्या चार चिप आहेत. प्रत्येकीची रुंदी ३२ बिट, म्हणून एकूण १२८ बिट, आणि क्षमता प्रत्येकी ५१२ मेगाबाइट, म्हणून एकूण २ गिगाबाइट. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून मॅट्स ही मेमरी चाचणी चालवली. तिच्यात प्रत्येक मेमरी चॅनेलच्या चुका वेगळ्या रकान्यात मोजल्या जातात. थंड यंत्रावर चारही रकान्यांत शून्य आले. वीस मिनिटांनी तीन रकान्यांत शून्यच राहिले आणि एका रकान्यात चुकांचा आकडा हजारांत गेला. कोणता चॅनेल कोणत्या जागेवरच्या चिपला जातो ते बोर्डाच्या आकृतीवरून ताडून पाहिले, तेव्हा मुख्य चिपच्या (चित्राची गणना करणाऱ्या ग्राफिक्स चिपच्या) उजव्या अंगाची खालची मेमरी चिप दोषी निघाली.

या टप्प्यावर मला विशेष आग्रहाने एक गोष्ट लिहावीशी वाटते. पुष्कळ जण अशा वेळी मुख्य चिपला उष्णता देतात, किंवा अख्खे कार्डच भट्टीत घालतात, आणि कार्ड काही आठवडे चालते म्हणून त्यालाच दुरुस्ती मानतात. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याहून कमी उष्णतेत बोर्डाचे सांधे नव्याने जुळत नाहीत, आणि तरीही कार्ड जिवंत होते, कारण बहुतेक वेळा दोष बोर्डाच्या सांध्यांत नसून चिपच्या आवरणाच्या आत, सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पाटी यांना जोडणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांत असतो. उष्णतेने तिथला तडा तात्पुरता मिटतो आणि पुढच्या थंड-गरम फेऱ्यांत पुन्हा उघडतो. २००८ साली लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप मोठ्या संख्येने निकामी झाल्या, तेव्हाही मूळ दुखणे आवरणाच्या आतल्या याच जोडणीचे होते. चाचणीने मेमरीच्या एकाच चिपकडे बोट दाखवलेले असताना मुख्य चिप तापवणे म्हणजे निरोगी अवयवावर शस्त्रक्रिया करणे होय. शिवाय त्या तात्पुरत्या यशामुळे खरा पुरावाही पुसला जातो.

पाचवा दिवस

अडॅप्टर आणि बॅटरी काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवले आणि मगच कार्ड बाहेर काढले. मल्टिमीटरने मुख्य चिपच्या पुरवठ्याच्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंतचा रोध ०.८ ओहम आला. नवख्याला हा शॉर्ट (पुरवठा थेट ग्राउंडला भिडल्याचा दोष) वाटेल, पण मोठ्या ग्राफिक्स चिपमध्ये इतका कमी रोध स्वाभाविक असतो. मेमरीच्या पुरवठ्यावर ३८ ओहम आले, तेही ठीक होते.

खरा शोध मात्र मीटरने लागला नाही. हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची पाटी) उलटा करून दिव्याखाली धरला तेव्हा तीन थर्मल पॅडवर (चिप आणि हीटसिंक यांच्यामधील उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांवर) मेमरी चिपच्या कडांचे चौकोनी ठसे खोल उमटलेले होते आणि चौथा पॅड नवा कोरा असल्यासारखा गुळगुळीत होता. दोषी चिप त्याच्याच खालची. दोन वर्षांपूर्वी मीच पॅड बदलले होते आणि चारही जागी अर्ध्या मिलिमीटरचे लावले होते, हे तेव्हा आठवले. त्या कोपऱ्यात हीटसिंकची पाटी किंचित वर उचललेली आहे. चिपवर नरम चिकणमातीची गोळी ठेवून हीटसिंक पूर्ण आवळला, काढला आणि चपट्या झालेल्या गोळीची जाडी व्हर्नियरने मोजली : ०.९ मिलिमीटर. म्हणजे त्या चिपचा हीटसिंकशी दोन वर्षे स्पर्शच नव्हता. तिथे एक मिलिमीटरचा पॅड लावला, मुख्य चिपवर नवी पेस्ट दिली आणि हीटसिंकचे चार स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमाने, एका दमात न आवळता, थोडे थोडे घट्ट केले.

आठवा दिवस

ठिपके आता वीस मिनिटांऐवजी सव्वा तासाने येऊ लागले आणि एका फेरीतल्या चुका हजारांवरून काही डझनांवर आल्या. निदान बरोबर होते, पण चिपची जी हानी व्हायची ती होऊन गेलेली होती. मेमरीची क्लॉक गती निम्मी केल्यावर चुका पूर्ण थांबल्या. तुटलेला सांधा गती कमी केल्याने सहसा सुधारत नाही, त्यामुळे सांध्यापेक्षा चिपच दुर्बल झाली असावी असे मी मानले. गती कायमची कमी करून थांबण्याचा मार्ग होता. मला तो पटला नाही, कारण दुर्बल झालेली चिप आणखी दुर्बल होत जाण्याचीच शक्यता अधिक.

बारावा दिवस

बदली चिप एका मृत कार्डावरून घेतली. तिचा भाग क्रमांक अक्षरशः जुळतो याची खात्री केली, कारण मेमरी कोणत्या कंपनीची हे कार्ड बारीक रेझिस्टरांच्या जोडणीवरून ओळखते आणि त्यानुसार बायोसमधील (कार्ड सुरू करणाऱ्या, वेगळ्या चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्राममधील) मेमरीच्या वेळांचा तक्ता निवडते. वेगळी चिप लावली तर हा सगळा मेळ बिघडतो. काम सुरू करण्यापूर्वी बायोस चिपची प्रत दोनदा वाचून घेतली, दोन्ही प्रती बिट-बिट सारख्या असल्याचे पाहिले आणि त्यापूर्वी ती चिप १.८ व्होल्टची की ३.३ व्होल्टची हेही तपासले.

कार्ड आणि बदली चिप १२५ अंशांवर रात्रभर ठेवली. आवरणात मुरलेला ओलावा सोल्डर वितळताना वाफ होऊन चिप फुगवतो, हा धोका मला पत्करायचा नव्हता.

मग खालून प्रीहीटरने बोर्ड १५० अंशांवर आणला, शेजारच्या भागांना उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली, सोल्डर नीट वाहावे म्हणून भरपूर फ्लक्स दिला आणि हॉट एअर चिपच्या कडेकडेने गोल फिरवत राहिलो. चिमट्याचे टोक चिपच्या कोपऱ्याला अगदी हलके लावून पाहिले. दोनदा ती जागची हलली नाही. तिसऱ्यांदा पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखी सरकली आणि परत जागेवर आली. त्या क्षणाच्या आधी जोर लावला तर १७० जोडबिंदूंपैकी एखादा उखडतो, आणि उखडलेला बिंदू नवी चिप आणून परत मिळत नाही. चिप उचलल्यावर शिसेमिश्रित सोल्डर फिरवून जुने सोल्डर मऊ केले, विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) सगळे टिपून घेतले आणि भिंगाखाली एकेक बिंदू पाहिला. सगळे शाबूत होते.

बदली चिपवर स्टेन्सिलने (भोके पाडलेल्या पातळ पत्र्याने) सोल्डरचे नवे गोळे बसवण्यात पूर्ण संध्याकाळ गेली; पहिल्यांदा दोन गोळे एकमेकांना चिकटले, म्हणून सर्व काढून पुन्हा बसवले. चिप बोर्डावरच्या छापील कोपऱ्यांशी जुळवून, पहिल्या पिनेचा ठिपका दोनदा पाहून ठेवली. सोल्डर वितळताच ती स्वतःहून किंचित वळून बरोबर जागी बसली. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, तरीही प्रत्येक वेळी हात थांबवून बघत राहतो.

पंधरावा दिवस

कार्ड पूर्ण थंड झाल्यावर मेमरीच्या पुरवठ्याचा रोध पुन्हा मोजला : ३७ ओहम. शॉर्ट नाही हे पाहूनच कार्ड लॅपटॉपमध्ये घातले. मॅट्सचे चारही रकाने थंड असताना शून्य, तासाभराने शून्य आणि पूर्ण गतीवर आठ तास चालवल्यानंतरही शून्य. त्याच दिवशी हीटसिंक आणखी एकदा उघडला. चारही पॅडवर चौकोनी ठसे उमटलेले होते. त्यानंतर तीन आठवडे यंत्र रोज वापरात आहे आणि भाराखाली मुख्य चिपचे तापमान ७८ अंशांच्या वर गेलेले नाही. मेमरीच्या तापमानासाठी या कार्डावर सेन्सर नाही, म्हणून बदललेल्या चिपच्या मागच्या बाजूला बोर्डावर एक बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) चिकटवायचे आहे. त्याचे आकडे पुढच्या नोंदीत देईन.