मॉनिटर रिपेर होतो आणि परत काळा होतो

परभणीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, वर पत्रे, आत दोन कॉम्प्युटर, आणि त्यातल्या जुन्या १९ इंची मॉनिटरनं या उन्हाळ्यात पार डोकं खाल्लं. ऐन लग्नसराई, समोर नवरदेवाचे मामा प्रूफ बघायला बसलेले, अन् स्क्रीन दोन सेकंद उजळून फटकन काळी. पॉवरचा लाइट मात्र चालूच. रिपेरिंगला दिला, थोडे दिवस चालला, परत तेच. दरवेळी दुकानदाराचं एकच, "भाऊ, तुमच्याकडं लाइटीचाच प्रॉब्लेम हाय, स्टॅबिलायझर घ्या."

आता मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं लाइट डिम होते हे खरं, पण तेवढ्यानं याला काही व्हायला नको. गेलेली लाइन परत येताना झटका बसतो ते वेगळं, त्यासाठी बटन बंद करून ठेवायचं.

मग काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, तर आत पुसटसा गणपती, खाली नवरा-नवरीची नावं, अख्खी पत्रिका जागच्या जागी! म्हणजे पॅनल, केबल, सीपीयू सगळं ओके, फक्त मागचा उजेड जायलाय. "पॅनल गेलं, नवीन घ्या" म्हणणाऱ्यापुढं हे करून दाखवा.

शेवटी गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांकडं नेला. त्यांनी उघडल्या उघडल्या आधी मोठा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा डबीसारखा पार्ट) बल्ब लावून डिस्चार्ज, म्हणजे रिकामा केला, कारण २३० व्होल्टचे आत डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास होतात अन् प्लग काढला तरी ते तिथं बसून राहू शकतात, त्यामुळं घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. हीटसिंकला, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, खेटून छोटे कपॅसिटर उभे, डोक्यावरची फुलीची खाच फुगून वर आलेली, एकाच्या तर डोक्यातून तपकिरी चिकट काहीतरी येऊन वाळलेलं. आणि हे नवीनच टाकलेले बरं का! काकांनी चष्मा वर करून बाजूची अक्षरं वाचली. "१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, बरोबर हाय. पण हे बघ, ८५ डिग्री, म्हंजी तेवढीच गरमी सोसणारा. हितं १०५ चाच लागतो, अन् तोबी लो ईएसआर, म्हंजी आतला रोध कमी असलेला. कामून टिकंल हे?"

मागच्या उजेडाला वीज या कपॅसिटरवाल्या पॉवर सप्लायमधूनच जाते. असल्या सप्लायमध्ये करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, साधा कपॅसिटर त्यानं आतूनच तापतो, बाजूला हीटसिंक, वर पत्रे अन् परभणीचा मे महिना. दर १० डिग्रीला याचं आयुष्य साधारण निम्मं होतं म्हणतात, म्हणजे ८५ अन् १०५ मध्ये चौपट फरक पडला. दुकानदार आपला ड्रॉवरमध्ये हाताला येईल तो टाकायलाय, अन् नाव लाइटीचं.

भाचा पुण्याहून येताना तपकीर गल्लीतून, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स पार्ट्सच्या बाजारातून, चांगले कपॅसिटर घेऊन आला, किरकोळ पैशात. काकांनी सगळेच बदलले, फुगलेले तेवढेच नाही. तेव्हापासून चालायलाय. फक्त सकाळी चालू केला की थोडा वेळ स्क्रीन लालसर दिसते, मागचा उजेड देणाऱ्या आतल्या ट्यूबा म्हाताऱ्या झाल्यात, त्या गेल्या की मात्र याच्यावर एक रुपया घालणार नाही, सरळ नवा एलईडी मॉनिटर घेणार.