तुम्ही विचारलंत म्हणून: अरबांकडे एवढा पैसा, मग शास्त्रज्ञ का नाहीत?

ओमानमधली चौदा वर्षांची नोकरी संपवून कोल्हापूरला परत आले, त्याला आता दोन वर्षं होतील. लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत कुणी ना कुणी विचारतंच, "तिथं एवढा पैसा, एवढी मोठी विद्यापीठं, मग शास्त्रज्ञ का होत नाहीत हो? त्यांना शिकायची हौसच नाही का?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. कुणी म्हणतं धर्म, कुणी म्हणतं आळस, कुणी म्हणतं तेलाचा फुकटचा पैसा. मला यातलं एकही पटत नाही, आणि उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगायला जमतही नाही. म्हणून एकदा बसून लिहिते.

मी गणित शिकवायचे, कॉलेजातल्या 'फाउंडेशन'च्या वर्गांना. ओमानच्या सरकारी शाळांत बारावीपर्यंत सगळं अरबीतून शिकवतात. इंजिनिअरिंग, मेडिकल, सायन्स मात्र इंग्रजीतून. मधे एक जादा वर्ष असतं, ते फाउंडेशनचं: इंग्रजी, गणित, कॉम्प्युटर. पहिल्याच दिवशी मुलं मला 'उस्ताझा' म्हणाली, म्हणजे बाई, शिक्षिका. शिक्षण मंत्रालयाच्या नावात 'तालीम' हा शब्द. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तालीम म्हटलं की तांबडी माती आणि वस्ताद आठवतात. तिथे तोच शब्द शाळेसाठी वापरताना ऐकला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. निझवाजवळच्या गावातली एक मुलगी पेपर जवळजवळ कोरा देऊन गेली. दोन नळ एक टाकी भरतात, एक नळ इतक्या तासांत, दुसरा तितक्या तासांत, दोन्ही मिळून किती वेळात, असलं गणित होतं. मी तिला बोलावून घेतलं. ती मान खाली घालून बसली. शेजारच्या टेबलावर आमचे एक इजिप्शियन सहकारी होते, त्यांना म्हटलं, हेच जरा अरबीतून सांगा. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत तिनं उत्तर सांगितलं. मग कागद ओढून घेतला आणि त्यावर गावचा फलज काढला. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने शेतापर्यंत आणणारा पाट. ओमानात असे हजारो आहेत, पाच फलज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००६ पासून आहेत. त्या पाण्याची वाटणी वेळेवर चालते. साधारण अर्ध्या तासाच्या वाट्याला 'अथर' म्हणतात. दिवसा सावली मोजायची, रात्री तारे. आपल्याकडे पाण्याची पाळी म्हणतात तेच. तिच्या आजोबांचे किती अथर, त्यांतले काकाकडे किती गेले, उरलेल्या वेळात खजुराच्या किती झाडांना पाणी पुरतं, हे तिनं मला तोंडी करून दाखवलं. आजोबांना लिहिता येत नव्हतं.

त्या दिवसापासून 'हौस नाही' हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

आजोबांना लिहिता का येत नव्हतं, तेही सांगते. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या ओमानमध्ये आधुनिक शाळा होत्या तीन. त्यांत नऊशेच्या आसपास विद्यार्थी, आणि सगळे मुलगे. मुलींसाठी एकही शाळा नव्हती. "झाडाच्या सावलीत का होईना, पण मुलांना शिकवू" हे सुलतानांचं वाक्य ओमानात लहान पोरालाही पाठ असतं, आणि खरोखरच तंबूत, झाडाखाली वर्ग भरले. शिकवायला माणसं नव्हती, ती इजिप्त, जॉर्डन, सुदानमधून आणली. १९८६ मध्ये देशातलं पहिलं विद्यापीठ, सुलतान काबूस विद्यापीठ, सुरू झालं. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची आजी निरक्षर, आई मोठेपणी साक्षरतेच्या वर्गाला गेलेली, आणि ही इंजिनिअरिंगच्या दारात. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ चं. सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली १८४८ साली. एवढी वर्षं मिळूनही आपलं काय काय राहिलंय ते आपल्याला माहीत आहे. त्यांना पन्नास-पंचावन्न वर्षं मिळाली.

"पण बगदाद?" असं शिकलेले लोक लगेच म्हणतात. खरं आहे. आठव्या-नवव्या शतकात बगदादमध्ये 'बैत अल-हिकमा' होतं, ज्ञानाचं घर, जिथे ग्रंथ जमवले आणि अनुवादले जायचे. हुनैन इब्न इसहाकने ग्रीक वैद्यक अरबीत आणलं. अल-ख्वारिझ्मीने हिंदू अंकांवर लिहिलं, आणि त्याच्याच नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमने प्रकाशावर जे लिहिलं ते युरोपात पुढे कित्येक शतकं वाचलं गेलं. पण हजार वर्षांपूर्वीच्या बगदादला जे साधलं त्याचा जाब आज निझवाच्या मुलीला विचारणं बरोबर नाही. बगदादपासून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्या लोकांनी आधी जगातलं ज्ञान आपल्या भाषेत आणलं, आणि मग त्यात भर घातली.

आज ते नेमकं कुठे अडतं, ते मी वर्गात रोज पाहत होते.

अरब मुलाची भाषा तीन मजली असते. घरी बोली. 'आत्ता' म्हणायला आखातातलं मूल 'अल-हीन' म्हणतं, कैरोतलं 'दिलवअती'. शाळेच्या पुस्तकात तेच 'अल-आन' होतं, कारण पुस्तक फुसहामध्ये, म्हणजे ग्रंथांच्या अरबीत. ती कुणाच्याच घरात बोलली जात नाही. पहिलीतल्या मुलाला आपलीच भाषा नव्याने शिकावी लागते. बारा वर्षं खपून त्या मजल्यावर ते स्थिर होतं न होतं, तोवर कॉलेजात इंग्रजी येते. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्कोत ही जागा बहुतेक ठिकाणी फ्रेंचने घेतली आहे. मजले तीन आहेत, जिना कुठेच नीट बांधलेला नाही. बारावीपर्यंत जे मूल वर्गात पहिलं हात वर करायचं, ते कॉलेजात एकही प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारायची सवय त्या एका वर्षात मोडते, आणि शास्त्रज्ञ व्हायला जी काही सामग्री लागते त्यातली पहिली तीच. माझ्या मते ज्ञानाची सर्वांत मोठी गळती इथे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००२ मध्ये अरब मानवी विकास अहवाल काढला. अरब अभ्यासकांनीच लिहिलेला, आपल्याच समाजाला आरसा दाखवणारा. स्वातंत्र्य, स्त्रियांचं सक्षमीकरण आणि ज्ञान, या तिन्हींची उणीव त्यांनी स्पष्ट मांडली. त्यातला एक आकडा जगभर फिरला: सगळे अरब देश मिळून वर्षाला तीनशे-साडेतीनशे पुस्तकं अनुवादित करतात, एकट्या ग्रीसच्या पाचव्या हिश्श्याइतकी. तो आकडा जुन्या माहितीवर बेतलेला होता आणि पुढे अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, म्हणून तो कुणी तोंडावर फेकला की मी थांबवते. पण मुद्दा खोटा नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलसचं अरबीतलं चांगलं पुस्तक हवं असलं की त्याच इजिप्शियन सरांच्या घरून झेरॉक्स यायची.

अरबीतून विज्ञान होतच नाही, असंही नाही. दमास्कस विद्यापीठात शंभर वर्षं वैद्यकीय शिक्षण अरबीतून चाललंय, आणि आज जर्मनीत जे परदेशी डॉक्टर आहेत त्यांत सर्वांत मोठा गट सीरियन डॉक्टरांचा आहे.

सरांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण इजिप्तच्या शिक्षणाचं सगळं दुखणं मला त्यांच्याकडून कळलं. तिथली बारावी म्हणजे 'सानविया आम्मा'. तिच्या मार्कांवर 'तनसीक', म्हणजे प्रवेशाची सरकारी वाटणी, ठरते. सगळ्यांत वर मेडिकल, मग इंजिनिअरिंग. घरातलं निम्मं उत्पन्न खासगी शिकवण्यांत जातं, असं ते म्हणायचे. हे ऐकताना मला लातूरचे आणि कोटाचे क्लास दिसायचे. पेपरफुटी इतकी की अल्जीरिया आणि इराकमध्ये बारावीच्या परीक्षेच्या वेळी देशभराचं इंटरनेट बंद ठेवलं गेलं आहे. पाठ केलेलं उत्तर उतरवणारा पहिला येतो. सरांना स्वतःला संशोधन करायचं होतं, पण घर चालवण्यासाठी ते आखातात आले आणि तिथलेच झाले.

एकदा वर्गात त्यांनी फळ्यावर 'जा' लिहिलं. इजिप्तच्या अरबी शाळांत साइनला तसंच लिहितात, समीकरणंही उजवीकडून डावीकडे. 'जा' म्हणजे 'जैब'चं लघुरूप, आणि जैब म्हणजे खिसा. मुलं म्हणाली, "उस्ताझ, कोनाचा खिशाशी काय संबंध?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग मी सांगितलं. मूळ शब्द आमचा, जीवा. आमच्याकडे शाळेत आजही वर्तुळाच्या जीवा शिकवतात. तुमच्या पूर्वजांनी तो ऐकून 'जीबा' लिहिला, नुसत्या व्यंजनांत. वाचणाऱ्यांनी पुढे 'जैब' वाचला, आणि लॅटिन अनुवादकांनी त्याच अर्थाचा आपला शब्द ठेवला, त्याचा झाला साइन. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. मग निझवाच्या त्या मुलीने सहा महिन्यांत पहिल्यांदा इंग्रजीतून प्रश्न विचारला: "सो इट ट्रॅव्हल्ड?"

बुद्धिमान माणसं तिथे जन्मतात, पण टिकत नाहीत. इजिप्तच्या दमनहूरमध्ये जन्मलेले अहमद झुवैल अलेक्झांड्रियात शिकून १९६९ मध्ये अमेरिकेला गेले, आणि १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या 'कॅल्टेक' या संस्थेतल्या कामासाठी. अम्मानमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात जन्मलेले ओमर याघी पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेले. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालेल्या तिघांत ते आहेत. वाळवंटातल्या कोरड्या हवेतूनही पाणी ओढून घेतील असे पदार्थ त्यांनी बनवले. जे थांबले त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला काय आलं ते इराकने दाखवलं. "कैरो लिहितं, बैरूत छापतं, बगदाद वाचतं" ही म्हण ज्या बगदादची, ते त्याच देशातलं. २००३ नंतर इराकमध्ये शेकडो प्राध्यापक मारले गेले. ५ मार्च २००७ ला बगदादच्या पुस्तकांच्या बाजारात, मुतनब्बी रस्त्यावर, बॉम्ब फुटला. मोसूल विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं गेलं. तो रस्ता पुन्हा सुरू झाला, ते ग्रंथालयही २०२२ मध्ये उघडलं. पण पळालेला प्राध्यापक परत येत नाही.

आता पैशाचं. पैसा आहे तिथे कामंही झाली आहेत, आणि ती मोठी आहेत. सौदीने २००९ मध्ये तांबड्या समुद्राकाठी थुवल इथे किंग अब्दुल्ला विद्यापीठ काढलं, मुलं-मुली एकत्र शिकणारं. अमिरातीचं 'अल-अमल' यान जपानमधून उडून ९ फेब्रुवारी २०२१ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं. ते बांधताना अमिरातीचे तरुण इंजिनिअर कोलोरॅडो विद्यापीठातल्या लोकांच्या शेजारी बसून शिकले, आणि विज्ञानाच्या गटात बहुसंख्य मुली होत्या. संशोधनावर अमिरात देशाच्या उत्पन्नाच्या दीड टक्क्याच्या आसपास खर्च करते, इजिप्त एक टक्क्याच्या आसपास. आपण पाऊण टक्क्यालाही पोचत नाही, हे ऐकल्यावर प्रश्न विचारणारे जरा शांत होतात. पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते यापेक्षा लहान काम. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ 'सेसमी' नावाची सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळा २०१७ पासून चालू आहे. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून प्रखर प्रकाश आणि क्ष-किरण मिळवणारं यंत्र, पदार्थांच्या अभ्यासासाठी. इजिप्त, जॉर्डन, पॅलेस्टाइन, इस्रायल, इराण, पाकिस्तान, सायप्रस, तुर्कस्तान असे देश तिचे सदस्य. बाहेर एवढी युद्धं, आणि आत एकाच यंत्रावर सगळ्यांच्या पाळ्या. तिला सुरुवातीचं सामान बर्लिनच्या जुन्या यंत्राचं मिळालं होतं.

मुलींचं मात्र मला दुःख आहे. ओमानात त्या शाळेत मुलग्यांपेक्षा सरस, कॉलेजात संख्येने जास्त. नोकरीत मात्र अरब जगातल्या स्त्रियांचा वाटा जगात सर्वांत कमी देशगटांत मोडतो. माझ्या किती हुशार मुली पदवीचा फोटो पाठवून गप्प झाल्या, ते मोजायला मी कधी बसले नाही.

निझवाची ती गप्प झाली नाही. इंजिनिअरिंग तिनं पूर्ण केलं नाही. शिक्षिका व्हायचं ठरवलं आणि आता आपल्याच गावाजवळ गणित शिकवते. २०२५ च्या ऑक्टोबरात याघींचं नोबेल जाहीर झालं त्या संध्याकाळी तिनं फळ्याचा फोटो पाठवला. पाठ त्रिकोणमितीचा होता. उजवीकडे अरबी शब्दांचा रकाना, त्याला लागून इंग्रजी शब्दांचा. तिच्या मुलांनी कॉलेजात गेल्यावर मान खाली घालून बसू नये म्हणून ती नववीपासून दोन्ही लिहिते. डावीकडे तिसरा रकाना रिकामा ठेवला होता. खाली लिहिलं होतं, "उस्ताझा, तो तुमचा शब्द तुमच्या लिपीत लिहून पाठवा, मुलांना दाखवायचाय."

मी वहीचं पान फाडलं, जाड पेनने 'जीवा' लिहिलं आणि फोटो काढून पाठवला.