टगवरची वही

गेल्या आठवड्यात आमच्या टगच्या, म्हणजे बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीच्या, डेकवरच्या एका खलाशाने मला विचारलं, "कॅप्टनसाहेब, नऊ वर्षं टगवर काढली, तरी सारंगच्या परीक्षेला बसू देत नाहीत. असं का?" सारंग म्हणजे अशी छोटी बोट चालवणारा प्रमुख. त्याच्या परीक्षेला आधीच्या सेवेचा लेखी दाखला लागतो. खलाशाची कागदपत्रं पाहिली. नऊ वर्षांपैकी दाखला होता तो अकरा महिन्यांचा.

माझंही असंच झालं होतं. 1998 साली गुहागरहून मुंबईला आलो आणि ओळखीने एका टगवर खलाशी म्हणून लागलो. हीव्हिंग लाइन, म्हणजे जाड दोराआधी फेकतात ती बारीक दोरी, फेकायची, दोर घ्यायचा, डेक धुवायचा. तीन वर्षांनी ती नोकरी सोडली, तेव्हा मालकाने सेवेचा दाखला दिलाच नाही. ती तीन वर्षं माझ्या हातांत आहेत, कागदावर नाहीत. त्याचा राग अजून जात नाही.

पुढच्या टगवरचे सारंग दाभोळचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही हातात ठेवली. "रोज लिहायचं. जहाज कुठलं, आपण पुढे होतो की मागे, वारा कुठला, भरती की ओहोटी. आणि आपलं काय चुकलं, तेही."

एकदा जवाहर द्वीपाला, मुंबई बंदरातल्या तेलाच्या धक्क्यावरून, टँकर बाहेर काढत होतो. आमची टग जुनी, एका पंख्याची, म्हणजे एकाच प्रोपेलरची. अशा टगचा दोर अडकवायचा हूक मधोमध असतो आणि पंखा मागे. जहाजाने वेग घेतला आणि टग वेळेत फिरली नाही, तर दोर आडवा येतो आणि टगला कुशीवर ओढतो. याला गर्टिंग म्हणतात. सावरायला काही सेकंदच मिळतात. त्या दिवशी दोर आडवा आला, डेकवर गुडघाभर पाणी चढलं आणि सारंगांनी हूक सोडला. टग सरळ झाली.

रात्री त्यांनी एकच विचारलं, "इंजिनरूमचं दार बंद होतं का?"

ते बंद करायचं काम माझं होतं. ते उघडं होतं. पाणी अजून वीतभर चढलं असतं, तर थेट खाली इंजिनवर गेलं असतं. ते ओरडले नाहीत. "लिही," म्हणाले. मी लिहिलं : दार उघडं.

पुढे परवान्याच्या तोंडी परीक्षेत गर्टिंगवरच प्रश्न आला. मी पाठांतर सांगितलं नाही, तो दिवस सांगितला. आधी सारंग, मग सेकंड क्लास मास्टर, मग फर्स्ट क्लास, अशा पायऱ्या होत्या तेव्हा, 1917 च्या कायद्याखाली. आता 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. पण सेवा लेखी दाखवावी लागते, ते तेव्हाही होतं आणि आजही आहे. किनाऱ्याने लांब टोइंगला जायचं, तर अंतर्देशीय परवाना चालत नाही. त्यासाठी डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन कार्यालयाचा, वेगळा लागतो. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून मी प्रत्येक पोराला सांगतो. आणि दलालाला पैसे देऊन सीडीसी, म्हणजे समुद्रावरच्या नोकरीचं खलाशाचं पुस्तक, काढू नका, हेही.

आज मी न्हावा-शेव्याला एएसडी टग चालवतो. तिच्या मागच्या दोन पंख्यांचं तोंड पूर्ण गोल वळवता येतं, त्यामुळे टग हव्या त्या दिशेला ओढते. पोरं हे लवकर शिकतात. रेडिओवर मात्र त्यांना वेळ लागतो. पायलटने, म्हणजे जहाजावर उभं राहून ते बंदरात आणणाऱ्या वाटाड्याने, "हाफ" (अर्धा जोर) म्हटलं की टगचं नाव घेऊन "हाफ" असं परत म्हणायचंच, कारण दुसऱ्या टोकाला दुसरी टग असते आणि तिच्यासाठीचा हुकूम आपण उचलला तर जहाज जेट्टीवर आपटतं.

त्या खलाशाच्या जुन्या दोन मालकांना आम्ही मिळून पत्रं लिहिली. एकाने दाखला पाठवला, चार वर्षांचा. दुसऱ्याकडे पुन्हा जाणार आहोत. उरणच्या बाजारातून त्याला वही आणून दिली. काल त्याने पहिलं पान दाखवलं. कंटेनर जहाज, आपण मागे, वारा नैऋत्य, ओहोटी. खाली वेगळ्या ओळीत : दार बंद, दोनदा पाहिलं.