कॅप्टन सर आणि आप्पांचा ओळंबा

मी 1976 सालच्या दहावीच्या तुकडीतला. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि पहिल्यांदा आठवली ती मैदानाच्या दक्षिणेची दगडी भिंत. ती भिंत माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बांधली. कॅप्टन सर कोण होते हे मला त्या भिंतीपाशी कळलं.

सर आम्हाला पीटी आणि एनसीसीला. मराठा लाइट इन्फंट्रीत जवान म्हणून भरती झाले आणि ऑनररी कॅप्टन होऊन पेन्शनवर आले. दुसऱ्या महायुद्धात लढले: 1941 ला एरिट्रियातलं केरेन, मग इटली. 26 जानेवारीला कोटाच्या डाव्या छातीवर पदकांची रांग लागायची. त्यात पहिलं चांदीचं मिलिटरी मेडल, गडद निळी फीत, मधोमध पांढऱ्या-लाल पट्ट्या. ते कशाबद्दल मिळालं, हे आम्ही पाच वर्षांत दहादा तरी विचारलं असेल. सर सांगायचे ते यशवंत घाडगेंचं.

10 जुलै 1944. टायबर नदीचं वरचं खोरं. घाडगे हुद्द्यानं नाईक, माणगावकडचे, वय 22. समोरच्या मशीनगननं त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पाडले. घाडगे एकटेच धावत सुटले. ग्रेनेड टाकून गन बंद केली, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. ठाणं घेतलं आणि तिथंच शत्रूच्या गोळ्यांनी गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. सर इथपर्यंत यायचे, थोडे थांबायचे आणि मग म्हणायचे, "चला, लेझीम घ्या." सरांची पलटण घाडगेंचीच होती, तिसरी. हे मात्र मला फार नंतर कळलं.

1930 चा सोलापूरचा मार्शल लॉ पाहिलेले म्हातारे तेव्हा आमच्या घराघरात होते. इंग्रजांच्या फौजेत होता म्हणून गल्लीत कुणी कुणी सरांना टोचायचं. सर दर 12 जानेवारीला आम्हाला रांगेत उभं करून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या 1931 ला त्याच दिवशी फाशी गेलेल्या चौघांना सलामी द्यायला लावायचे. एकानं विचारलंच, तेव्हा म्हणाले, "मी पोटासाठी गेलो बाळ, ते देशासाठी गेले." आवाज जराही चढला नव्हता.

सर फ्रीमेसन होते, म्हणजे गवंड्यांची अवजारं खूण म्हणून वापरणाऱ्या एका बंधुसभेचे सभासद. महिन्यातल्या एका शनिवारी चपटी काळी बॅग घेऊन पुण्याच्या गाडीला बसायचे. पोरांनी बॅगेत कवटी असते इथपासून काय काय उठवलं होतं! बॅगेत पांढऱ्या कातड्याचा एक एप्रन होता. मी पाहिलाय. कसा ते सांगतो.

मार्चची सकाळची शाळा. भिंतीचं काम चाललेलं, आप्पा परातीतला माल कालवत बसलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर. मैदानावरून वर्ग चालला की मी मान वळवून दुसऱ्या बाजूनं जायचो. बापाला ओळख दाखवायची नाही. त्या दिवशी सरांनी ते पाहिलं असावं. मला काही बोलले नाहीत. वर्ग उभा केला आणि थेट आप्पांसमोर जाऊन टोपी काढली. "आप्पा, तुमचा ओळंबा जरा हातात देता का?"

आप्पा गडबडले. हात धोतराला पुसावेत तसे पायजम्याला पुसले आणि ओळंबा दिला, भिंत सरळ उभी आहे का ते पाहायची वजन बांधलेली दोरी. सरांनी दोरी धरली. खालच्या वजनाचं हलणं थांबेपर्यंत आम्ही चाळीस पोरं श्वास धरून उभी. मग सरांनी बॅग उघडली, एप्रन दाखवला, कोटाच्या कॉलरमागची बारीक पिन दाखवली. तिच्यावर गुण्या, म्हणजे गवंड्याचा काटकोन, आणि कंपास. आप्पांनी ती निरखून पाहिली.

"हे तर आमचं सामान हाय की, सर!"

"तुमचंच. आम्ही नावाचे गवंडी, आप्पा. खरे तुम्ही."

मग सर तिथंच दगडावर टेकले. त्यांच्या सभेत गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब आणि अवेस्ता एकाच जागी ठेवतात, धर्म आणि राजकारणावर वाद घालायला तिथं बंदी, देवावर विश्वास हवा, आणि केलेल्या मदतीची वाच्यता करायची नाही, एवढं आप्पांना समजेल अशा भाषेत सांगितलं. 1961 साली भारताची स्वतःची ग्रँड लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची मध्यवर्ती सभा, झाली, तिचा त्यांना फार अभिमान होता. मी मान खाली घालून ऐकत होतो. मधल्या सुट्टीत आप्पांशेजारी बसून मी त्यांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. सगळ्यांदेखत.

सर गेले तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. आप्पा आणि मी दोघंही गेलो. पुण्याहून पाच-सहा जण आले होते, एक वयस्कर पारशी गृहस्थही होते. त्यांनी एकेक करून सरांच्या छातीवर हिरवी डहाळी ठेवली. बाभळीची. तिरडीवर बाभूळ म्हटल्यावर लोक कुजबुजायला लागले. मी त्या पारशी गृहस्थांना विचारलं. म्हणाले, आमच्यात ही आत्मा मरत नाही याची खूण.

येताना आप्पा सिद्धेश्वर तळ्यापर्यंत गप्पच होते. मग म्हणाले, "थापीच्या मुठीला बाभळीचंच लाकूड लागतं. दुसरं टिकत न्हाई."