व्हेनिसच्या बागेतील राष्ट्रे : २०२४च्या बिएनालेचा प्रवासवृत्तांत

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये मी तीन दिवस व्हेनिसला होतो, ते केवळ बिएनालेसाठी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनासाठी, आणि त्यातही राष्ट्रीय दालनांसाठी. एखादे सरकार आपल्या खर्चाने परक्या भूमीवर चित्रे-शिल्पे मांडते, तेव्हा त्याला जगापुढे स्वतःविषयी नेमके काय सांगायचे असते, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. तो तपासायला याहून चांगली जागा नाही, कारण २०२४ मध्ये इथे ८८ देश एकाच वेळी तेच काम करत होते.

जिआर्दिनी ही बाग आणि आर्सेनाले ही जुनी जहाजगोदी अशी प्रदर्शनाची दोन मुख्य स्थळे आहेत. २०२४ मध्ये तीस युरोच्या तिकिटात दोन्हीकडे प्रत्येकी एकदाच प्रवेश मिळत होता, मात्र दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहण्याची सक्ती नव्हती. या सवलतीचा लाभ अवश्य घ्यावा. एका दिवसात दोन्ही उरकणाऱ्यांना संध्याकाळी काहीच आठवत नाही. सोमवारी प्रदर्शन बंद असते, आणि ऑक्टोबरपासून वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सहा अशी होती. पाण्यावरून जाणाऱ्या वापोरेत्तोचे ७५ मिनिटांचे तिकीट तेव्हा साडेनऊ युरोला पडत होते. सान मार्को चौकातून किनाऱ्याने चालत गेल्यास जिआर्दिनी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, आणि सकाळी ते चालणेच अधिक सुखाचे वाटते.

बागेत शिरल्यावर कलाकृतींआधी इमारती पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. बिएनाले १८९५ साली सुरू झाली आणि १९०७ मध्ये बेल्जियमने इथे पहिले राष्ट्रीय दालन बांधले. त्यापाठोपाठ पहिल्या महायुद्धापूर्वीच ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, रशिया यांनीही आपापल्या वास्तू उभ्या केल्या. मुख्य वाटेच्या टोकाला उंचवट्यावर ब्रिटन आणि त्याच्या दोन बाजूंना फ्रान्स व जर्मनी, ही मांडणी पाहताना विसाव्या शतकाच्या आरंभीचा नकाशा पायाखाली असल्याचा भास होतो. जर्मन दालनाला आजचे कठोर, भव्य रूप १९३८ साली नाझी राजवटीत मिळाले. १९९३ मध्ये हान्स हाके या कलावंताने त्याच दालनाची संगमरवरी फरशी फोडून तिचे तुकडे तसेच पसरून ठेवले, तेही आपल्या देशाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून, आणि त्या वर्षी जर्मनीला सुवर्णसिंह हे बिएनालेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आज त्या फरशीवरून चालताना मी नकळत पाऊल जपून टाकत होतो.

अमेरिकेच्या दालनापाशी १९६४ची हकिकत ठाऊक असावी. त्या वर्षी अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याने प्रदर्शनाची जबाबदारी उचलली. दालन अपुरे पडल्याने काही कलाकृती ग्रँड कॅनॉलवरील जुन्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मांडल्या गेल्या, आणि पारितोषिकासाठी बागेतच कलाकृती असणे आवश्यक ठरल्यावर रॉबर्ट राउशेनबर्ग यांची चित्रे नावेत घालून जिआर्दिनीत आणली गेली. चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक त्यांनाच मिळाले. शीतयुद्धाच्या काळातील त्या विजयावरचा वाद अजून शमलेला नाही. चित्रांच्या गुणवत्तेविषयी मला शंका नाही. परंतु चांगली चित्रेसुद्धा राष्ट्राच्या वतीने आली की त्यांच्यामागे कोण उभे आहे, हे पाहावेच लागते. म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझी पहिली सूचना अशी की प्रत्येक दालनाच्या दाराशी असलेला फलक आधी वाचावा. आयुक्त म्हणून, म्हणजे दालनाची अधिकृत जबाबदारी घेणारा म्हणून, कोणाचे नाव आहे, मंत्रालयाचे की स्वायत्त कला परिषदेचे, हे कळल्यावर आतली शांतता किंवा आतला आवाज निराळा ऐकू येतो.

कधी बंद दारही पुरेसे बोलके असते. इस्रायलच्या दालनात गाझातील युद्धविराम आणि ओलिसांची सुटका यांचा करार होईपर्यंत प्रदर्शन उघडायचे नाही, असे कलावंत रूथ पातीर आणि क्युरेटर यांनी ठरवले होते; काचेवर तशी सूचना होती. रशियाने २०२४ मध्ये आपले दालन बोलिव्हियाला वापरायला दिले होते.

मी सर्वाधिक वेळ ऑस्ट्रेलियाच्या दालनात घालवला. आदिवासी कलावंत आर्ची मूर यांनी काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने स्वहस्ते आपली वंशावळ लिहिली होती, ६५,००० वर्षांहून अधिक मागे जाणारी. मधोमध पाण्याचे उथळ कुंड आणि त्यावर कोठडीत मृत्यू पावलेल्या आदिवासी व्यक्तींच्या चौकशी-अहवालांचे गठ्ठे होते. सरकारी पैशातून, सरकारच्या इमारतीत, सरकारवरच ठेवलेला हा आरोप होता, आणि राष्ट्रीय सहभागाचा सुवर्णसिंहही त्यालाच मिळाला. मला सांस्कृतिक राजनयाचे, म्हणजे कलेतून राष्ट्राने जगाशी बोलण्याचे, हेच सर्वांत प्रामाणिक रूप वाटते. या दालनात डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात. तेवढे थांबल्याशिवाय वरची नावे दिसत नाहीत.

भारताचे दालन २०२४ मध्ये नव्हते. २०११ मध्ये ललित कला अकादमीच्या वतीने रणजित होस्कोटे यांनी पहिले अधिकृत दालन उभे केले आणि २०१९ मध्ये गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त नंदलाल बोस यांची हरिपुरा चित्रे आर्सेनालेत आली. दोन्ही प्रयत्नांना दाद मिळाली, तरी मधली वर्षे रिकामीच गेली. २०२४ मध्ये बिएनालेने स्वतः मांडलेल्या मुख्य प्रदर्शनात मात्र अमृता शेरगिल, रझा, सूझा, बी. प्रभा यांची चित्रे होती. चित्रकार आहेत आणि देश नाही, हे पाहून मन खिन्न झाले. दोन वर्षांतून एकदा उत्साहाने जमवाजमव करून हे साधत नाही. त्यासाठी कायमची तरतूद आणि निवडीत सातत्य लागते.

आर्सेनालेसाठी दुसरा पूर्ण दिवस ठेवावा आणि पायात मऊ बूट असावेत. दालने एकामागोमाग लांबच लांब पसरलेली आहेत. शहरातील जुन्या वाड्यांमध्ये अनेक देशांची प्रदर्शने विनामूल्य असतात, ती तिसऱ्या दिवशी पाहता येतात. व्हॅटिकनचे दालन ज्यूदेक्का बेटावरील महिला कारागृहात होते. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागे, दाराशी फोन जमा करावा लागे, आणि आत वाट दाखवायला कैदी स्त्रियाच येत. आमच्या गटाला घेऊन फिरणाऱ्या बाईंनी एका भिंतीपाशी थांबून सांगितले की बाहेरची माणसे इतक्या मोठ्या संख्येने आपले बोलणे ऐकायला येतात, याची त्यांना अजून सवय झालेली नाही.