खुलं पाठ्यपुस्तक विभागाच्या गळी उतरवताना

कोल्हापुरात बी.एस्सी. भाग १ च्या संख्याशास्त्रासाठी मुक्त परवान्याचं (म्हणजे कुणालाही फुकट वापरता, वाटता आणि बहुतेकदा बदलताही येणारं) पुस्तक लावून घेताना एक गोष्ट लगेच कळली. विभागात या साहित्याला तत्त्वतः कुणाचाच विरोध नसतो. गाडी अडते ती 'पेपर कशातून काढायचा?' या प्रश्नावर. म्हणून अशा खुल्या शैक्षणिक साहित्याबद्दलची युनेस्कोची २०१९ ची शिफारस बैठकीत एका वाक्यात उरकली आणि तक्ता पुढे ठेवला.

तक्त्यात डावीकडे अभ्यासक्रमाचा प्रत्येक उपघटक, शेजारी पुस्तकातलं प्रकरण, मग तासिका (२ क्रेडिट म्हणजे ३०) आणि शेवटी 'काय कमी पडतं'. हा शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा, खरी चर्चा त्यावरच होते. आम्ही घेतलेल्या, ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स'मध्ये संभाव्यता आणि प्रसामान्य वितरण छान समजावलंय, पण आपल्या अभ्यासक्रमातले निर्देशांक (इंडेक्स नंबर्स) नाहीत. उदाहरणं डॉलरची, आकडेमोड टीआय-८३ या कॅल्क्युलेटरवर. आपल्या मुलांच्या हातात कॅसिओ असतो. तेवढी पानं काढून कॅसिओ आणि लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटची कृती घातली, शिवाय गुळाच्या दराची आणि गगनबावड्याच्या पावसाची गणितं.

सगळ्यात जास्त घोळ चतुर्थकात (क्वार्टाइल) होतो. २, ४, ६, ८, १०, १२ ही पदं घ्या. पुस्तकाच्या रीतीने खालच्या अर्ध्या भागाचं मध्यक काढलं की पहिलं चतुर्थक ४ येतं. आपण शिकवतो त्या (n+१)/४ च्या सूत्राने १.७५ वं पद, म्हणजे ३.५. दोन्ही उत्तरं बरोबर, पण तपासनिसाच्या हातातल्या उत्तरसूचीत एकच उत्तर असतं आणि मुलाचे गुण जातात. असे फरक नोंदवणारी एक पानी पुरवणी जोडल्यावरच पेपर काढणाऱ्या मॅडम निश्चिंत झाल्या.

'झेरॉक्स चालतेच की, मग हे कशाला?' हा प्रश्न येणारच. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी कोर्स पॅकच्या (निवडक पुस्तकांतल्या पानांच्या संचाच्या) प्रती काढू दिल्या, हे खरं. पण ती मुभा पुस्तकात फेरबदल करून ते सगळ्यांसाठी संकेतस्थळावर ठेवायला पुरत नाही. त्यासाठी परवानाच लागतो, आणि तो नीट वाचावा लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात 'एनडी' (फेरबदलाला मनाई) असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. 'बाय-एसए' (श्रेय द्या, बदललेलं त्याच परवान्याने वाटा) आणि 'बाय-एनसी-एसए' (शिवाय व्यावसायिक वापर नको) मजकूर मिसळून एक नवं प्रकरण करता येत नाही. आवृत्तीगणिक परवाना बदलू शकतो, म्हणून फाइल उतरवताना परवान्याचं पानही जपून ठेवा.

वेळ सगळ्यात जास्त खाल्ला तो मराठी नोट्सनी. जुन्या फाइली शिवाजी या युनिकोडपूर्व फाँटमध्ये होत्या. युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, 'वर्ग'चा 'वगर्' होतो. कन्व्हर्टरवर विसंबू नका, पान न् पान डोळ्यांखालून घाला.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाकडे 'सक्तीचं पुस्तक' म्हणून गेलो नाही. संदर्भग्रंथांच्या यादीत एक ओळ वाढवा, एवढाच विषय विभागाच्या ठरावासह दिला, तोही कार्यक्रमपत्रिका निघण्याआधी. जुनी पुस्तकं यादीत राहिल्याने कुणी दुखावलं नाही.

फाइलच्या नावात वर्ष आणि आवृत्ती घालाच. नाहीतर व्हॉट्सॲपवर गेल्या वर्षीची चुकीची प्रत फिरत राहते आणि मुलं तीच झेरॉक्सवाल्याकडून बांधून आणतात.