डीएमए व्हायोला ऑडिशन: वाजवणं राहिलं बाजूला, हॉल मिळेना

डीएमएच्या ऑडिशनची तयारी किती महिने केलीस असं मला अजून विचारतात. वाजवायची तयारी आठ महिने, आणि त्यातले पाच आठवडे हॉल बुकिंगवाल्यांच्या मागे. राग अजून गेलेला नाही म्हणूनच लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीएमए म्हणजे डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स, वाजवण्यातली डॉक्टरेट. माझं वाद्य व्हायोला, व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आधी व्हिडिओ पाठवायचा, त्याला प्रीस्क्रीनिंग म्हणतात, तो आवडला तरच जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष बोलावतात. माझी व्हिडिओची शेवटची तारीख १ डिसेंबर. काय वाजवायचं ते ठरलेलं होतं: बाखच्या चेलो स्वीटमधल्या दोन मूव्हमेंट, म्हणजे रचनेचे दोन भाग (आम्ही व्हायोलावाले चेलोचं एक ऑक्टेव्ह, म्हणजे एक सप्तक, वर वाजवतो), बार्टोकच्या व्हायोला कॉन्चर्टोची (मुळात ऑर्केस्ट्राबरोबरची रचना, इथे साथीला पियानो) पहिली मूव्हमेंट आणि ब्राम्सचा ओपस १२० मधला एफ मायनर सोनाटा, तोही पियानोबरोबर. एका मूव्हमेंटमध्ये कट चालत नाही, हात आणि वाद्य सतत दिसायला हवं.

आता हॉल. जिथे मास्टर्स करत होते तिथलाच मागितला, फक्त दोन तास. चार दिवसांनी फॉर्म परत, कारण 'प्रीस्क्रीनिंग' असा प्रकार त्यांच्या यादीतच नाही. यादीत डिग्री रिसायटल (पदवीसाठीचा वादनाचा कार्यक्रम), क्लास आणि बाहेरचा कार्यक्रम. मग बाहेरचा कार्यक्रम टिक करा म्हणे. केलं टिक, तर भाडं लागलं आणि वर इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागितलं! मी म्हटलं अहो मी इथलीच विद्यार्थिनी, हे बघा आयडी कार्ड. "हो, पण रेकॉर्डिंग दुसऱ्या युनिव्हर्सिटीसाठी आहे ना." मग टीचरची सही आणा, आणली, तर टीचरची नको डिपार्टमेंटची हवी, आणि डिपार्टमेंटवाल्या बाई आठवडाभर गावाला. ती सही आली तेव्हा कळलं की मंजुरीला दहा वर्किंग डेज लागतात आणि नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी त्यात धरत नाहीत. कॅलेंडरवर बोटं ठेवून मोजलं, दहावा दिवस डिसेंबरात जात होता. तिथेच कॉरिडॉरमध्ये बसून रडले, खोटं कशाला सांगू.

रात्री डोंबिवलीला फोन केला तर आई म्हणते, "हॉलच हवाय ना, मग तुझ्या हॉलमध्येच वाजव की." तिला कसं सांगणार की माझा हॉल, बेडरूम आणि किचन एकच आहे आणि खालचा माणूस झाडूने छत ठोकतो.

शेवटी माझी पियानिस्ट म्हणाली की ती रविवारी ज्या चर्चमध्ये वाजवते तिथे विचारू. एका फोनमध्ये काम झालं. फुकट! थंडी मात्र भयंकर, आणि हीटिंग लावलं की रेडिएटर ठणठण वाजणार, म्हणून अर्धा तास गरम करायचं, बंद करायचं आणि बोटं आखडेपर्यंत रेकॉर्ड करायचं. कोरड्या हवेत खुंट्या सारख्या घसरत होत्या (केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवा, मी विसरले होते). पियानो किंचित उतरलेला, त्याला व्हायोला जुळवला. इथे एक टीप: बाख एकट्याचा असतो म्हणून तो आधी उरकू असं वाटतं, मीही तेच केलं, पण मग तारा खाली आणल्यावर त्या स्थिर होईनात. पियानोबरोबरचं आधी घ्या. बाखचा चौथा टेक सगळ्यात छान चालला होता आणि शेवटच्या ओळीत बाहेरून फायर ब्रिगेड गेली. पाचवा पाठवला.

प्रत्यक्ष ऑडिशन वीस मिनिटांत संपली, बार्टोक अर्ध्यात थांबवला, ते वाईट लक्षण नसतं, घाबरू नका. पण विचारलं, कुठल्या आवृत्तीतून वाजवतेस? बार्टोक १९४५ मध्ये गेला तेव्हा हा कॉन्चर्टो नुसता मसुद्यात होता, टिबोर शेर्लीने तो पुरा केला, विल्यम प्रिमरोजने १९४९ मध्ये पहिल्यांदा वाजवला, आणि १९९५ मध्ये बार्टोकच्या मुलाने सुधारलेली आवृत्ती काढली. माझ्या टीचरने दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लावल्या होत्या, तेव्हा वैतागले होते, तिथे मात्र धडाधड बोलले. ब्राम्सवरही विचारतात, तो मुळात क्लॅरिनेटसाठी आहे आणि काही जागी व्हायोलाला ऑक्टेव्ह खाली दिलाय, तुम्ही तिथे काय करता ते ठरवून जा.

आणि हो, पियानिस्ट ऑगस्टमध्येच गाठा, नोव्हेंबरमध्ये सगळ्या बुक असतात. जुन्या रिसायटलचे प्रोग्राम पीडीएफ करून ठेवा, अर्जात मागतात.

माझी निवड झाली. गेल्या आठवड्यात एका ज्युनियरने विचारलं की हॉलचा फॉर्म कुठे मिळतो. मी त्याला चर्चचा नंबर दिला.